अर्ध्या चढावर भरलेली ओटी

ताप आठ दिवसांत उतरला, पण छातीतली कळ राहिली. तापाच्या विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. सहा महिने ओझं उचलायचं नाही, चढ तर मुळीच चढायचा नाही. दवाखान्यातून घरी आले ती नुसती पडून राहायला. अंघोळ केली तरी धाप लागायची. चाळिशीतच आपलं संपलं, असं मनात यायचं आणि देवापुढे हात जोडायचीही इच्छा व्हायची नाही.

त्यात सासूबाई नवस बोलून बसल्या होत्या. सून वाचली तर ती स्वतः डोंगरावर जाऊन देवीची ओटी भरेल. नवस थकला तर देवी दिलेलं परत घेते, ही आमच्या घरातली जुनी धास्ती. छाती धडधडली की मला वाटायचं, देवी तगादा लावतेय. शेवटी दुसऱ्याच महिन्यात, कोणाला न सांगता, कशेळ्याहून जीप धरली आणि पायथ्याशी उतरले. शुद्ध मूर्खपणा होता.

अर्ध्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. मोबाईलला रेंज नव्हती. आता इथेच मरणार, या विचारानं देवीचा रागच आला. तेवढ्यात पळसाच्या पानांचा भारा घेऊन वरच्या वाडीतली एक बाई उतरत आली. भारा टाकून तिनं मला सावलीत बसवलं, पाणी पाजलं. कशासाठी चढत होते ते मी सांगितलं.

“मंग हितंच भर की.”

“कोणाची?”

“माझी. पर मालक नाय माझा, कपाळ मोकळं हाय. चालंल का गं तुला?”

आमच्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत. पण माझा हात तिनं अजून घट्ट धरून ठेवला होता. मी खण, तांदूळ, नारळ तिच्या पदरात घातले, तिच्या पाया पडले आणि खूप रडले. भारा तिथेच ठेवून तिनं मला धरून खाली आणलं, जीपमध्ये बसवलं. नाव विचारायचं राहून गेलं.

घरी सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. “ओटी पोचली गं,” एवढंच त्या म्हणाल्या.

हृदय अजून पुरतं सावरलेलं नाही. पुढच्या तपासणीत काय निघेल, ठाऊक नाही. मी ते देवीवर सोपवलंय. सासरे गेल्यापासून सासूबाईंची ओटी कोणी भरली नव्हती. यंदा नवरात्रात पहिली ओटी मी त्यांची भरली.