फुर्निये मंडळींची भावकी

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही हो. चार माणसं रोज एका टेबलावर डबे उघडायला लागली की ते आपोआप साचतात. त्यात धामणगाव बढ्याच्या आमच्या माती-पाण्याच्या संस्थेत फ्रान्सहून एलिझ फुर्निये शिकायला आली आणि किस्स्यांचं नुसतं पीक आलं!

*

पहिल्याच दिवशी आमचे ड्रायव्हर गजूभाऊ यांनी तिचं आडनाव मोबाईलवर टाकलं. एक गणिती निघाला, एक सायकलपटू, एक चित्रकार, एक फुटबॉलवाला. आपल्याकडे एक आडनाव म्हणजे एक भावकी!

"मॅडम, हे सारे तुमचेच ना?"

"नाही हो. मी कोणालाच ओळखत नाही."

गजूभाऊंनी समजुतीनं मान हलवली. "शेताचा वाद असंन."

*

गणितीची बातमी गल्लीत पसरली. शेजारच्या सुनंदाताई मुलीला घेऊन हजर. "हिचं गणित पक्कं करून द्या."

"ताई, मी स्वतः गणितात नापास झालेली आहे!"

सुनंदाताईंना फार वाईट वाटलं. परत जाताना म्हणाल्या, "घरात एक हुशार निघाला का मायबाप बाकीच्यायकडं पाह्यतच नाहीत!"

*

एका सकाळी गजूभाऊ गंभीर. पॅरिसमध्ये फुर्निये नावाचे कोणी म्हातारे नट वारले होते. "आपण भेटाले नाही गेलो तं बरं दिसते का?"

सगळं ऑफिस तिच्या खोलीवर जाऊन खाली माना घालून बसलं. गजूभाऊंनी जड आवाजात बातमी सांगितली. आमचे चेहरे पाहून एलिझच्याच डोळ्यांत पाणी आलं.

मग तिनं आम्हालाच हळूच विचारलं, "कसे होते ते?"

*

पुढे आमच्या प्रशांत इंगळेचं आणि तिचं जमलं. आम्हाला कोण आनंद! पण प्रशांतला कमलाआत्यानं लहानाचा मोठा केलेला. "आत्या नाही म्हणाली तर लग्न नाही," असं तो सांगून बसला होता. आम्ही सगळे संग्रामपूरला आत्याकडे गेलो.

आत्यानं एलिझला शेजारी बसवलं. "आडनाव काय म्हने?"

"फुर्निये."

"अन् मायचं, माहेरचं?"

एलिझ खरं ते बोलून गेली. "तेही फुर्निये."

झालं! इंगळ्यांची पोरगी इंगळ्यांत देत नाहीत, एका आडनावाची ती भावंडंच. प्रशांतचा चेहरा पडला. गजूभाऊ घाईनं म्हणाले, "तिकडं लय फुर्निये हायेत आत्या, एकमेकायचे कोनीच लागत नाहीत!"

आत्या एलिझकडे वळली.

"म्हंजे तुह्या मायबापाच्या लग्नात नवरदेवाकडचे फुर्निये अन् नवरीकडचेबी फुर्निये?"

"हो, आत्या."

"मंग मानपानाचं भांडन कोनं कोनाशी केलं?"

"भांडण झालंच नाही," एलिझ म्हणाली.

आत्यानं कपाळावर हात मारला. मग एलिझचा हात उचलून प्रशांतच्या हातात दिला आणि म्हणाली,

"पोरी, लग्न झाल्यावर इंगळे लावू नको बरं! मले भांडाले सोयरे पाह्यजेत!"