लाल रेघेवर थांबलेला काटा

आमच्या मसुऱ्यात निम्म्या लोकांना कधी ना कधी देवचार, म्हणजे गावाचा राखणदार आत्मा, दिसलेला असतो. कोणाला बांधावर, कोणाला व्हाळाच्या पाण्यात. मला कधी दिसला नाही, दिसेल असं वाटलंही नाही. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली बाई. करंट डोळ्यांना दिसत नाही पण मीटरवर कळतो, तेवढ्यावरच माझा विश्वास. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. ही भीतीची गोष्ट नाही. मला तेव्हा भीती वाटली नव्हती... खरं तर काहीच वाटलं नव्हतं.

गावाबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एका कंपनीचा ट्रायल प्लांट आहे, तिथे मी कंट्रोल पॅनेलची ऑपरेटर. सड्यावर सोलर पॅनेल. दिवसा त्या विजेवर कॉम्प्रेसर चालतात आणि हवा दाबून दाबून जुन्या खाणीच्या भुयारात भरून ठेवतात. भुयाराला आतून काँक्रीट आणि पोलाद, तोंडाला जाडजूड दार. ऊन गेलं की तीच हवा सोडायची. ती टर्बाइन फिरवते, वीज होते. बॅटरी नाही, डिझेल नाही. आईला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वारो कोंडून ठेवतास?" म्हटलं, तसंच.

मे महिना संपता संपता वादळ झालं. बाहेरून वीज आणणाऱ्या तारा तुटल्या, खांब पडले, मोबाइल बंद. वादळ गेलं तरी आभाळ उघडेना, त्यामुळे सोलरवर काहीच नाही. भुयारात आधी भरलेली हवा होती, तेवढीच. आमचे इंजिनियर नाईक सर. त्यांनी सगळ्या वाड्यांची लाइन तोडली, फक्त आरोग्य केंद्राची चालू ठेवली. तिथल्या जनरेटरमध्ये पाणी शिरलं होतं.

केंद्रात माझी आई होती. न्यूमोनिया. ऑक्सिजनचे सिलिंडर संपले होते, नवे घेऊन येणारी गाडी पडलेल्या झाडांमागे कुठेतरी अडकलेली. आई विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनवर होती. म्हणजे आमच्या भुयारातल्या हवेवर.

प्लांट आणि केंद्र यांच्यात एक वायरलेस सेट आहे, बॅटरीवरचा. केंद्रातला सेट आईजवळ बसलेल्या वहिनीकडे होता.

"सुजू, हवा किती वेळ पुरतली गो?" तिने सकाळी विचारलं.

"दुपारपर्यंत. दादा खंय आसा?"

"मोबाइल बंद पडाच्या आदी फोन इल्लो. इन्सुलेक अडाकले हत. रस्त्यार झाडां पडली हत."

दादा गोव्यात कामाला. बाइकवरून निघाला होता, तो हद्दीजवळच्या इन्सुलीपर्यंत पोचला होता.

नाईक सर म्हणाले, "तुम्ही जा आईकडे. मी एकटा बघतो." चांगला माणूस. पण एकट्याने होणार नव्हतं. ते टर्बाइनपाशी व्हॉल्व्हवर, मी पॅनेलवर, दोघं लागतातच. बाकीचा स्टाफ वादळामुळे पोचलाच नव्हता. मी म्हटलं, नको सर. तेवढ्यात वायरलेसवर आईचा आवाज आला, घरघरता.

"सुजू, जेवलंस?"

"जेवलंय." जेवले नव्हते.

"येव नको. थंयच रव."

ती माझ्याशी शेवटचं बोलली ते एवढंच.

दुपार झाली. दाबाचा काटा उतरत उतरत लाल रेघेवर आला. त्या रेघेखाली टर्बाइन फिरत नाही, सिस्टिम आपोआप बंद होते. मी वहिनीला कळवलं. डॉक्टरांनी हाताने दाबायची श्वासाची पिशवी काढून ठेवली. आम्ही वाट बघत बसलो.

काटा रेघेवर आला आणि थांबला.

आधी वाटलं, मीटर अडकला. सर रेनकोट घालून भुयाराच्या तोंडाशी गेले. तिथे दाब दाखवणारा साधा यांत्रिक गेज आहे, त्याचा पॅनेलशी संबंध नाही. परत आले ते पाणी पुसत. "तिथेही तेवढंच आहे." हवा बाहेर जात होती, फ्लो मीटरवर दिसत होतं. टर्बाइन फिरत होतं. कॉम्प्रेसर बंद. आत काही भरलं जात नव्हतं. बाहेर जातंय, आणि आतलं कमी होत नाही...

सर म्हणाले, "भुयाराच्या भिंती गरम असतात, त्याने थोडा दाब वाढतो." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पण एवढा नाही."

 मी काट्याकडे बघत होते. वहिनी मधूनमधून विचारायची, "आसा मां?" मी म्हणायची, "आसा." देवाचं नाव घ्यावं, भराडीआईला काही बोलावं, असं सुचलंही नाही. हातपाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास वहिनीचा आवाज. "तुजे दादा पावले गो! चिखलान भरलेहत नुसते."

"बरां," मी म्हटलं.

त्यानंतर थोडाच वेळ गेला असेल. टर्बाइनचा आवाज बसायला लागला. बघितलं तर काटा रेघेखाली, आणि खाली जातच होता. दुपारपासून थांबलेली सगळी उतरण एकदम उतरावी तसा. मी वायरलेस उचलला — पिशवी लावा म्हणून सांगायला.

मी बोलायच्या आधीच वहिनी म्हणाली, "रवांदे गो सुजू. गेली ती."

टर्बाइन थांबलं. मी पॅनेलचे स्विच एकेक करून बंद केले, नेहमीच्या क्रमाने. सर शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग काय करावं न कळून काढून घेतला.

पुढे सगळं सुरळीत झाल्यावर कंपनीची माणसं आली. मीटर काढून तपासले, ठीक निघाले. त्यांचा अंदाज होता की भुयारात पावसाचं पाणी शिरलं असणार. पाणी जेवढी जागा घेतं तेवढी हवा दाबली जाते, दाब टिकतो. पटण्यासारखं होतं. मलाही पटलं, आणि कारण मिळालं तर बरं वाटेल असंही वाटलं. म्हणून दार उघडलं तेव्हा मी सरांबरोबर आत गेले. बॅटरीच्या उजेडात जमिनीवर बारीक कोरडी धूळ. आमची पावलं उठत होती. पाण्याचा थेंब नाही, भिंतीवर ओल नाही.

सर अजून कधीतरी डबा खाताना तो विषय काढतात, गणित मांडतात आणि सोडून देतात. माझ्याकडे मांडायला गणितही नाही. जे मीटरवर दिसलं ते सांगितलं. कोणाला कारण माहीत असेल तर जरूर कळवा.

दादाने आईचं शेवटचं बोलणं मला लगेच सांगितलं नाही. बाराव्याला माणसं जेवून गेल्यावर मागच्या पडवीत बसला होता, तेव्हा म्हणाला.

"मी गेलंय तेव्हा तिणा डोळे उघडल्यान. माका वळाखल्यान. मगे वर बघून इचारल्यान, लाइट आसा मां? मी म्हटलंय, आसा गे आये. तर म्हणाक लागली, मगे सुजू थंय आसा. आता तेका घराक येव सांग, उपाशी आसतला."

मी म्हटलं, "बरां."

आणि उरलेली भांडी घासायला घेतली.