एलरॉयच्या गाईंची धार

नॉर्बी आणि एल्म क्रॉसिंग ही दोन्ही दूधवाल्यांची गावं. शाळेच्या बास्केटबॉलपुरती ती एकमेकांना पाण्यात पाहायची. जिंकलेलं सगळं गाव पुढच्या सामन्याला जायचं, आणि हरलेल्या गावाने त्यांच्या गोठ्यांत जाऊन संध्याकाळी पाचची धार काढायची, अशी रीत होती. गाईंना सामन्याचं काय!

एल्म क्रॉसिंगच्या व्हर्नन हॅकबार्थच्या वाट्याला नॉर्बीच्या एलरॉय स्टेन्सरुडचा गोठा होता. एके वर्षी एलरॉयच्या लेकीने, मारिटने, शेवटच्या क्षणी चेंडू जाळीत टाकला आणि व्हर्ननच्या लेकीचा संघ एका गुणाने हरला. पोर घरी येईपर्यंत रडत होती. पुढच्या शनिवारी नॉर्बीच्या मुली राज्य स्पर्धेत खेळायला गेल्या, तेव्हा व्हर्ननने बूट घातले आणि पुन्हा काढून ठेवले. काढेल तो आपली धार आपण.

येतच असेल, येतच असेल म्हणत एलरॉय थांबला. सामन्याला जाणारी शेवटची गाडीही निघून गेली. मारिटने त्या दिवशी एकतीस गुण केले, ते बापाने गोठ्यातल्या रेडिओवर ऐकले. तसा खेळ तिला पुन्हा कधी साधला नाही.

पुढच्या वर्षी एल्म क्रॉसिंग जिंकलं, तर एलरॉय पाचच्या आधीच व्हर्ननच्या दारात हजर. व्हर्ननला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, आणि सांगितलं काय, तर कोपऱ्यातली तांबडी लाथ मारते. पुढची पंचवीस वर्षं त्याची माफी त्या तांबडीपाशीच अडली. मग एलरॉय गेला.

आता दोन्ही गावांची शाळा एकच झाली. हरलेलं गावच उरलं नाही, मग धार कोण काढणार? मारिटच्या लेकीचा सामना होता त्या दिवशी व्हर्नन न बोलावता तिच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला.

"काका, अजून ते मनात धरून आहात?" कोट चढवत मारिट म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं मला. बर्फात तुमची गाडी बंद पडली होती म्हणून."

एलरॉयने हे सांगून ठेवलंय, याचा व्हर्ननला पत्ताच नव्हता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"गाडीला काही झालं नव्हतं, पोरी. मी रुसून बसलो होतो."

मारिटने कोटाची बटणं लावली.

"त्या दिवशी दर वेळी चेंडू जाळीत गेला की मी बाबांची रिकामी जागा बघत होते," ती म्हणाली, आणि किल्ल्या उचलून लेकीच्या सामन्याला निघून गेली.

व्हर्ननने पहिल्या गाईची कास पुसली आणि यंत्र लावलं.