कंट्रोलरला घातलेली माळ

मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीने गच्चीवर हीट पंप बसवला, तेव्हा तो सांभाळणार कोण असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला. मी अंबरनाथच्या कारखान्यात आहे, एवढ्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथे स्टोअर्समध्ये आहे हे सांगायला तोंड उघडलं, तोवर टाळ्या वाजल्या होत्या.

काम तसं सोपं. पंप पाणी तापवतो, ते बफर टाकीत साठतं, आणि कंट्रोलर नावाचा डबा टाकीतलं पाणी किती गरम आहे ते पाहून पंप चालू-बंद करतो. पंचेचाळीस डिग्रीला चालू, पन्नासला बंद, तेही फक्त दहा ते चार. तो बसवणारा, जवळच्या कॅम्प चार वस्तीतला मेकॅनिक जाताना बजावून गेला होता, "साहब, बस देखने का. हात नहीं लगाने का." मी रोज बारा वाजता, सेकंड शिफ्टला निघण्याआधी, वर जाऊन बघत असे.

दसऱ्याला मात्र हात लावला. स्कूटर, मिक्सर, बायकोचं शिलाई मशीन यांची पूजा झाली आणि मला वर एकट्या पडलेल्या कंट्रोलरची आठवण झाली. हळद-कुंकू लावलं, झेंडूची चांगली घसघशीत माळ घातली. डब्याला खिळा नव्हता, म्हणून शेजारून जाणाऱ्या वायरीला बांधली.

लेक तेव्हा बाळंतपणासाठी आमच्याकडे होती. नातीचं बारसंही व्हायचं होतं. मायलेकींना न्हाऊ घालायला येणारी बाई हेंद्रेपाड्यातली तीन घरं उरकून बाराच्या पुढे आमच्याकडे यायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने बादलीत कोपर घातलं.

"वहिनी, हे गार हाय."

बायकोने गॅसवर पातेली चढवली. मी वर जाऊन आलो आणि जाहीर केलं, "छप्पन्न डिग्री आहे."

"अहो, कुठे?" बायकोने विचारलं.

"डब्यावर."

दुसऱ्या दिवशीही तेच. इतर कुणाची तक्रार नव्हती, कारण ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळी सोसायटी आनंदाने गार पाण्याने आंघोळ करत होती. मी नळ दोनदा सोडून पाहिला आणि बाईला सुचवलं की दिवसभर गरम पाण्यात राहून कोपराची सवय बिघडत असेल.

तिसऱ्या दिवशी ती पदर खोचून उभी राहिली. "भाऊ, पातेली तापेस्तोवर माझं पुढचं घर खोळंबतं. बाळंतिणीची कंबर धरली तर नाव माझं जाईल. उद्यापण असंच असलं तर दुसरी बाई बघा."

दुसरी बाई मिळणार नव्हती. हीच आम्हाला पाच जणींना विचारून मिळाली होती. लेक खोलीतून म्हणाली, "बाबा, त्यांना वर नेऊन दाखवा तरी तुमचं छप्पन्न."

नेलं. डब्यावर खरोखर छप्पन्न होतं. बाईने तिकडे बघितलंही नाही. टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपला तळहात लावला. "गार." मग माळेकडे बोट केलं. "ही कुणी बांधली?"

"मी. दसऱ्याची."

तिने सुकलेली माळ उचलली, तर वायरही बरोबर आली. वायरीच्या टोकाला बोटाएवढी धातूची नळी होती आणि ती टाकीला लागून असलेल्या बुटक्या शेडच्या पत्र्यावर उन्हात लोळत होती. बाईने नळीला हात लावून झटकन मागे घेतला. "आई गं! हे बघा, हे तापलंय!"

ती नळी टाकीला पाडलेल्या भोकात असायला हवी होती. माळेच्या वजनाने ती निसटली होती आणि तीन दिवस मी पत्र्याचं तापमान घरात जाहीर करत होतो. नळी आत सारली. आकडा उतरत उतरत एकतीसवर आला, आणि पंप घरघरला.

"उद्या येते," बाई म्हणाली. "पण बघून ठरवीन."

उद्या काही कमी पडायला नको, म्हणून ती खाली गेल्यावर मी पन्नासचे पासष्ट केले.

दुसऱ्या दिवशी बाराला न्हाणीतून वाफ येत होती. बाईने कोपर टेकवलं न टेकवलं तोच काढून घेतलं.

"भाऊ, पोरीला न्हाऊ घालायचंय, कोंबडी सोलायची न्हाई."

लेक आत इतकी हसली की नात जागी झाली. पन्नासचे पासष्ट केल्याचं मी कबूल केलं. बायकोने गार पाणी मिसळलं. बाईने पुन्हा कोपर घातलं, मान डोलावली आणि दार लोटता लोटता मला म्हणाली, "वर जाऊन पन्नास करा. आणि पुढल्या दसऱ्याला लांबूनच नमस्कार करा."

मी वर गेलो, पन्नास केलं आणि पाइपला हात लावून खाली आलो.