बंद फ्रिजातलं गार पाणी

आमच्या झोपडीत फ्रिज होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्या फ्रिजामुळं झालं.

फ्रिज म्हणजे नुसतं खोकं. भंगारवाल्याकडून मीच आणलं होतं. आतली मशीन त्यानं आधीच काढून घेतली होती, मागं हात जाईल एवढं भोक होतं, आणि दार सुतळीनं बांधून ठेवावं लागायचं. पण आमच्याकडं घुशींचा सुळसुळाट. शिरूरच्या एसटी डेपोमागून घोडनदीकडं जो ओढा जातो, त्याच्या काठाला आमची वस्ती होती. घुशी पिठाची पिशवी कुरतडायच्या, गोधडी कुरतडायच्या. मग मी भोकात चिंध्या कोंबल्या आणि आईनं त्या फ्रिजाचं कपाट केलं. त्यात पीठ, साखर, तिची दोन ठेवणीतली लुगडी, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि वडिलांचा एकुलता एक फोटो. वरून तिनं विणलेला रुमाल घातला. बघणाऱ्याला वाटावं, काय टापटीप घर आहे!

आमची माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी. आईचं अर्धं आयुष्य पालात गेलं. आज या शेतात, परवा त्या शेतात, घोड्यावर संसार लादायचा आणि चालायला लागायचं. पुढं चरायला रान राहिलं नाही. वडिलांनी मेंढरं विकली, मार्केट यार्डात हमाली धरली, आणि काही वर्षांनी छातीत कळ येऊन गेले. मी तोवर नवऱ्याचं घर सोडून परत आले होते. त्यानं सोडलं म्हणा, मी सोडलं म्हणा, निकाल तोच. एका कंपनीत ठेकेदाराकडं पॅकिंगला लागले. घरात आई आणि मी, दोघीच.

आईला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. ती म्हणायची, “मला आता बोचकं बांधायचं न्हाई. जिथनं कुणी ऊठ म्हणणार न्हाई, असं घर पायजे बघ.” बस्स. सोनं नको, नाणं नको, जावईसुद्धा नको म्हणायची, आणि हसायची.

आणि एक दिवस बातमी आली, घरकुलाचा सर्व्हे आहे. झोपड्या मोजणार, ज्यांना पक्कं घर नाही त्यांची यादी करणार, आणि नदीच्या वरच्या अंगाला चार मजली इमारती बांधून एकेकाला फ्लॅट देणार. वस्ती नुसती हरखली. पुढाऱ्याचा फोटो लावलेला बोर्डही दुसऱ्या दिवशी उभा राहिला. घराचा पत्ता नाही, पण फोटो हजर!

शेजारच्या आप्पांनी सगळ्यांना बजावलं होतं, जे हाय ते दाखवा, गळका पत्रा दाखवा, लाजू नका. आप्पा हुशार माणूस. त्यांनी तर पत्र्यावरचे दगडही काढून ठेवले, म्हणजे पत्रा वाऱ्यानं वाजावा. आईनं काय केलं? पहाटे उठून घर सारवलं. दाराबाहेर सडा टाकला. आप्पांच्याकडूनच एक प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, आणि ट्रंकेतली वडिलांची काळी घोंगडी काढून खुर्चीखाली अंथरली. मी म्हणाले, “आई, तो घर बघायला येतोय की पोरगी?” तर म्हणाली, “घरी येनारा पाव्हनाच असतो. पालात व्हतो तवाबी घोंगडीबिगर कुनाला बसवला न्हाई.”

तिचं खरंच होतं. पालात चार काठ्या आणि एक फाटकं कापड असतानाही येणाऱ्यासाठी घोंगडी निघायची आणि दुधाचा चहा व्हायचा. आपल्याकडं काही नाही हे पाहुण्याला कळू द्यायचं नाही. आमच्यात हे मुलींना चालायला लागल्यापासून शिकवतात.

सर्व्हेवाला तरणा होता, बिचारा घामानं निथळत होता. खुर्चीत बसला, मोबाइलवर टिचक्या मारत एकेक विचारत गेला. रेशनकार्ड मागितलं. आईनं फ्रिजाचं दार अर्धं उघडलं, पाठ आडवी धरली, कार्ड काढलं आणि सुतळी पटकन अडकवली. त्यानं वर बघितलं.

“फ्रिज चालू आहे का, मावशी?”

“चालू हाय की! गार पानी देऊ का, साहेब?”

मला वाटलं, आता हा पाणी मागतो आणि आमची अब्रू जाते! पण तो म्हणाला, “नको, आत्ताच प्यायलो,” आणि टिचकी मारून पुढं गेला. आईनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मीही हसले. मी तोंडाची फाटकी म्हणून अख्ख्या वस्तीत प्रसिद्ध, कंपनीत सुपरवायझरला उभा-आडवा घेणारी, आणि त्या दिवशी दाराला टेकून गप्प उभी राहिले. खरं सांगू? मलाही बरं वाटलं होतं. कुणीतरी आमच्या घरात खुर्चीत बसलं आणि त्याला वाटलं की यांच्याकडं फ्रिज आहे.

त्यानं पाणी मागायला पाहिजे होतं. नुसतं हो म्हणाला असता तरी आमचं भलं झालं असतं.

यादी लागली, तेव्हा मी तीन वेळा वरून खाली बोट फिरवलं. आप्पांचं नाव होतं. दारूच्या दुकानामागच्या माणसाचं नाव होतं, त्याचं तर गावाकडं दोन मजली घर. आमचं नाव नव्हतं. कचेरीत विचारलं तर तिथल्या क्लार्कनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, “तुमच्याकडं फ्रिज आहे. फ्रिज असला की बाद.”

मी म्हणाले, “अहो, तो बंद आहे. त्यात आम्ही पीठ ठेवतो.”

“इथं चालू लिहिलंय.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा केला, भाजीवालीची हातगाडी मागितली, फ्रिज त्यावर आडवा घातला आणि भर बाजारातून ढकलत कचेरीत नेला. आई मागून चालत होती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. माणसं दुकानातून बाहेर येऊन बघत होती. एकानं विचारलं, “काय ताई, विकायचाय का?” मी म्हणाले, “सरकारला दाखवायचाय.”

कचेरीच्या दारात पन्नासेक माणसं जमली. मी सुतळी सोडली, दार उघडलं, चिंध्या उपसल्या आणि भोकातून हात आरपार घालून दाखवला. लोक खदाखदा हसले. क्लार्कलाही हसू आवरेना. मला वाटलं, जिंकलो! मग तो हसू आवरून आईकडं वळला. वाईट बोलला नाही, नीट बोलला.

“मावशी, आता बंद आहे हे दिसतंय. पण सर्व्हेच्या दिवशी चालू होता, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? का तेव्हा खोटं सांगितलं? खोटं सांगितलं असेल तर तसा अर्ज लिहून द्या, मी पुढं पाठवतो.”

सगळी माणसं आईकडं बघायला लागली. मी म्हणाले, “आई, सांग. सांग ना गं!”

आईनं पुढं होऊन फ्रिजाचं दार लावलं, सुतळी अडकवली. मग म्हणाली, “तवा चालू व्हता.”

मी रस्ताभर हातगाडी ढकलत तिच्यापुढं चालत राहिले. घरी आल्यावर इतकी ओरडले की आप्पा धावत आले. “स्वतःच्या हातानं घर घालवलंस! एक शब्द बोलायचा होता तुला, एक!” ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, “पन्नास मानसांत कसं म्हनू, मी पाव्हन्याशी लबाड बोलले म्हनून? कसं म्हनू, सांग की.” मी अर्ज लिहिला, तिचा अंगठा घ्यायला गेले, तर तिनं मूठ उघडली नाही. मी जबरदस्तीनं ती मूठ उघडायला पाहिजे होती. आज वाटतं. तेव्हा नुसती रडले.

इमारती झाल्या. मांडव पडला, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली दिली-घेतली, फोटो निघाले. ज्यांना फ्लॅट मिळाले त्यांनी झोपड्या सोडल्या, आणि मग महिन्याभरात जेसीबी आला. आमच्यासारखी सात-आठ घरं उरली होती. ‘पर्यायी व्यवस्था झालेली आहे,’ एवढंच सांगितलं. कुणाची झाली, ते नाही सांगितलं. आईनं जेसीबीच्या ड्रायव्हरलाही चहा विचारला. तो बिहारकडचा पोरगा, नको नको म्हणत राहिला, आणि मग त्यानं आमचं फ्रिजाचं खोकं पुढच्या लोखंडी सुपड्यात उचलून ओढ्यात टाकलं. लुगडी, कार्डं, फोटो हे सगळं मी आधीच काढून घेतलं होतं. आईनं बोचकं बांधलं. गाठ हातसवयीनं एका झटक्यात बसली.

आता आम्ही त्याच इमारतीत राहतो. हसू नका. आप्पांना फ्लॅट मिळाला, पण ते मुलाकडं कोरेगाव भीमाला असतात, म्हणून तो त्यांनी आम्हाला भाड्यानं दिला. चौथा मजला, लिफ्टची नुसती पोकळी, त्यात कचरा. पाणी एक दिवसाआड. फ्लॅट भाड्यानं द्यायचा नाही असा नियम आहे, आणि अर्ध्या इमारतीत भाडेकरूच आहेत. म्हणून तपासणी असली की आदल्या दिवशी फोन येतो. आम्ही कपडे, भांडी गाठोड्यात बांधतो आणि दिवसभर एसटी स्टँडवर जाऊन बसतो. आप्पा येऊन मालकासारखे बसतात, साहेब सही घेऊन जातो, संध्याकाळी आम्ही परत वर. बाहेर पडण्याआधी आई फरशी पुसून, दाराशी रांगोळी काढून जाते. मी चिडले की म्हणते, “साहेब येनार, घर बरं दिसू दे.”

गेल्या खेपेला आप्पांची गाडी रस्त्यात अडकली आणि साहेब वेळेआधी आला. मी गाठोडं घेऊन खाली पोचले होते, आई वर रांगोळी संपवत होती. चार मजले धापा टाकत चढले तेव्हा तो दारात उभा होता, हातात तांब्या. यानं पाणी मागितलं होतं. याला तहान लागली होती!

पाणी पिऊन त्यानं तांब्या परत दिला आणि विचारलं, “आजी, इथं तुम्हीच राहता का?”

मी जिन्यातच थांबले. हो म्हणाली असती तर आप्पांचा फ्लॅट गेला असता आणि आम्ही त्याच संध्याकाळी रस्त्यावर. तिला सगळं माहीत होतं. मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं, कुणी विचारलं तर काय म्हणायचं ते.

“न्हाई, साहेब,” आई म्हणाली. “मी पाव्हनी हाय.”

त्यानं लिहून घेतलं आणि खालच्या मजल्यावर गेला. आईनं तांब्या पुसून जागेवर ठेवला आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी जाऊन बसली.

तेव्हापासून ती तिथंच बसते. आत ये म्हटलं तर येते, जेवते, पुन्हा तिथं जाते. बोचकं जवळ असतं, बांधलेलं. मी रोज कामावरून आले की ट्रंकेतली घोंगडी काढून तिच्यासाठी आत अंथरते आणि म्हणते, “बस, आई.” ती येऊन बसते, पण कडेला, पाय आखडून, आणि मला विचारते, “किती दिस ऱ्हायचं गं आपुन हितं?”