सोन्याची परात

मामांनी आयुष्यात एकच चुकीचा निर्णय घेतला. त्यांनी प्रोजेक्टर माझ्या हातात दिला.

मामा आमचे विट्याचे, पण सोनं गाळायचं दुकान तिकडं कोईमतूरला. नव्वदचं दशक सरत आलं होतं, गावात अजून रंगीत टीव्हीचंच कौतुक होतं, आणि मामा चक्क ट्रंकेत गोधडीत गुंडाळून प्रोजेक्टर घेऊन आले! कारण सुमनच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, लग्नाची कॅसेट. रविवारी दुपारी ती बघायला सुमनला घेऊन लोणंदचे व्याही-विहीणबाई येणार होते, आणि सुमनच्या अंगावरचं सोनं मामांनी स्वतः गाळलेलं होतं.

"सुभ्या, पिच्चरमधी माझं सोनं पितळ दिसलं, तर मी दुकान बंद करून माणला शेरडं राखाय जाईन!" मामांनी बजावलं.

सकाळीच खिडक्यांना घोंगड्या लावल्या. मामीनं भिंतीवर चादर ताणली. मी बटण दाबलं, आणि भिंतभर सुमन उभी राहिली! नथ सुपाएवढी, डोळे कळशीएवढे. मामीनं तर पोटच्या पोरीला हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला. (खोटं कशाला सांगू, लग्नात मी सुमनकडं नीट बघितलंच नव्हतं. पंगतीत होतो.)

फक्त सुमन निळी होती. आणि सोनं हिरवट.

"इख प्याल्यावानी दिसतीया पोरगी!" मामा ओरडले.

मी बी.एस्सी. असल्यानं (तेही फिजिक्स!) रिमोट माझ्याकडंच होता. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, टिंट, सगळं दाबून पाहिलं. मामांनी मामीच्या हातातली पाटली उतरवली, चादरीवरच्या सुमनच्या पाटलीशेजारी धरली आणि दुकानात बसल्यासारखा कस बघायला सुरुवात केली.

"अजून हिणकस हाय. वाढीव!"

मी पिवळा वाढवला.

"आता तांबं लय झालं. काढ जरा."

मी लाल कमी केला. दोन तास आम्ही सुमनला गाळत होतो! शेवटी मामांनी एकदा पाटलीकडं पाहिलं, एकदा भिंतीकडं. "बावनकशी!" म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "गड्या, तू वाया न्हाई गेलास." हे मला घरात प्रथमच कुणी सांगत होतं.

आम्ही अंघोळीला गेलो. चादरीवर मामांच्या बोटांचे डाग बघून मामीनं ती काढली आणि दुसरी लावली.

पाहुणे आले, चहा झाला. मी ऐटीत बटण दाबलं.

सगळं सोन्याचं झालं होतं! सुमन सोन्याची, भटजी सोन्याचे, मांडवामागची म्हैससुद्धा सोन्याची. रुखवतातली भांडी अशी लखलखली की व्याही उठून उभेच राहिले.

"आवं पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले, "ही सोन्याची परात आमच्याकडं आली न्हाई."

"आन घागर?" विहीणबाई म्हणाल्या. "आमाला तर स्टीलची मिळाली!"

मामांना घाम फुटला. "आवं, ती स्टीलचीच हाय!"

"मग गळ्यातलं?" व्याह्यांनी विचारलं. "त्ये बी तसलंच का?"

मामांचा चेहरा पडला. "सुभ्या, सोनं काढ! लवकर काढ!"

मी घाबरून कलर पार शून्यावर नेला. क्षणात सगळं चांदीचं झालं!

तेवढ्यात मामी पुढं आली. "आवं, पाव्हणं येणार म्हणून पयल्या चादरीला मी नीळ जरा जास्तच घातलीती. ही कोरी हाय."

म्हणजे दोन तास माझं फिजिक्स त्या निळीशी झुंजत होतं. निमूटपणे आम्ही जुनी चादर लावली आणि मी कलर होता तिथं आणला. व्याह्यांनी सुमनला भिंतीशी उभं केलं आणि हात वर करायला सांगितला. पाटलीला पाटली हुबेहूब जुळली. एक सुमन एवढीशी, एक भिंतीएवढी. व्याह्यांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"सोनं खरं हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "आन पोरगी बी."

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले.

निघताना व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, आता शाबासकी!

"कवा बी या, जेवाय ऱ्हावा," ते प्रेमानं म्हणाले. "फकस्त आमच्या टीव्हीपासनं जरा लांब बसा."

दिवाळीला गेलो. मानपान काही कमी केला नाही त्यांनी. फक्त माझं ताट परसात मांडलं.