पाच अंशांचा हट्ट

प्रयोगशाळेतल्या मामांना रागावलेलं कॉलेजात कुणी पाहिलं नव्हतं. सव्वीस वर्षांत काचेची भांडी शेकड्यांनी फुटली, पण मामा "लागलं नाही ना?" एवढंच विचारायचे आणि झाडू आणायला जायचे. घरी चहा निवला तरी ते चिडतात, असं मामी सांगतात. पण तो घरगुती मामला.

त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. तापवलेला तांब्याचा तुकडा कॅलरीमीटरच्या भांड्यात, शंभर ग्रॅम पाण्यात सोडायचा, पाणी किती अंशांनी तापलं ते बघायचं आणि त्यानं शोषलेली उष्णता काढायची. एकोणीस जणांचं पाणी शिस्तीत सहा अंशांनी तापलं. शंभर गुणिले ४.२ गुणिले सहा, पंचवीसशे वीस ज्यूल. हे उत्तर गेली नऊ वर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत बिनबोभाट उतरत होतं. एका मुलीचं पाणी मात्र पाचच अंश तापलं. तिनं तेच लिहिलं, एकवीसशे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानावर लाल काट मारून शून्य दिलं. म्हणजे नापास, वर्ष वाया.

मामांचा हात फडक्यासकट थांबला. भांड्याचं झाकण दोन वर्षांपूर्वी हरवलेलं. नव्यासाठी त्यांनी चार अर्ज दिले होते. झाकण नाही तर थोडी उष्णता हवेत जाणारच, हे सांगायला ते पुढे झाले, तर परीक्षक म्हणाले की शिपायानं पदार्थविज्ञान शिकवू नये.

"शिकवत नाही साहेब, तुकडा तापवून देतो. तुम्हीच करून बघा."

सगळी खोली बघत होती. परीक्षकांना बाह्या सरसावाव्या लागल्या. त्यांनी तुकडा सोडला, पाणी ढवळलं, थर्मामीटर चष्म्यातून पाहिला, चष्मा काढून पाहिला. सत्तावीसवरचा पारा बत्तीसला येऊन जो बसला, तो साहेबांचा हुद्दा बघूनही हलेना.

शेवटी त्यांनी शून्य खोडलं आणि वीसपैकी सोळा दिले. एकोणीस जणांचे वीस तसेच राहिले.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, झाले मी पास. जाऊ द्या आता."

"तू जा घरी पोरी," मामा म्हणाले, आणि परीक्षकांच्या मागोमाग जिना उतरू लागले. "साहेब, थांबा जरा. ते चार मार्क कसले कापले?"